कोर्टाची पायरी आणि जमिनीचा सारा

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे म्हणतात. त्या म्हणीत वेळेचा आणि वकिलाचा धाक आहेच. पण पायरीवरच मोजावा लागणारा पैसाही आहे. दिवाणी दावा लावायचा तर आधी कोर्ट फी भरायची. ही फी कशावरून ठरते आणि ती आधीच का घेतात? जमिनीच्या दाव्यापुरता या प्रश्नाचा मागोवा आज आपण घेऊ.

मराठेशाहीत न्याय फुकट मिळत होता, असं मात्र समजू नका. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की दावा सांगणारा तो अग्रवादी, उत्तर देणारा तो पश्चिमवादी. निवाडा मान्य करू, असा राजीनामा दोघांकडून लिहून घेत, जामीनही घेत. निवाडा झाल्यावर हरणारा यजितखत लिहून देई. मग सरकार दोघांकडूनही पैसा घेई. जिंकलेल्याची ती ‘हरकी’, हरलेल्याची ती ‘गुन्हेगारी’. हरकी ही नावाला आनंदाची भेट; पण ती द्यावीच लागे! यातला दोष उघड आहे. रयतेच्या भांडणात सरकारला कमाई दिसू लागते. तरीपण एक गोष्ट ध्यानात ठेवा, हा पैसा निवाड्यानंतरचा होता.

इंग्रजी अमलात हा क्रम उलटला. त्याची कथा बंगालपासून सुरू होते. तिथे १७९३ साली लॉर्ड कॉर्नवॉलिसने दाव्यावरची फी काढून टाकली. पण दोनच वर्षांनी, १७९५ साली, ती पुन्हा बसली. कारण सांगितलं गेलं ते असं की, खोट्या दाव्यांना आळा बसावा. पुढे १८३५ साली मेकॉलेने या कारणाचा कडक समाचार घेतला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की खरा दावा कोणता आणि खोटा कोणता, हे फीला कळत नाही. ती दोघांनाही सारखीच अडवते.

सबंध ब्रिटिश हिंदुस्थानासाठी कोर्ट फीचा कायदा झाला तो १८७० साली. त्यात मुंबई इलाख्यासाठी एक खास तरतूद होती. आपल्याकडे १८३६ पासून, इंदापूर तालुक्यातून सुरुवात होऊन, जमिनीची पाहणी झाली आणि प्रत्येक शेताचा आकार, म्हणजे सारा, ठरला. तो तीस वर्षांपर्यंतच्या मुदतीचा असेल आणि सरकारात पुरता भरला जात असेल, तर दाव्यापुरती जमिनीची किंमत आकाराच्या पाचपट धरायची, असं कायद्याने सांगितलं. घराची किंमत मात्र बाजारभावाने.

आता हिशेब करून पाहू. शेताचा आकार ८ रुपये. त्याची पाचपट ४० रुपये. तेव्हाचा दर दर पाच रुपयांना सहा आणे; म्हणजे फी झाली ३ रुपये. हेच शेत बाजारात ४०० रुपयांना जात असलं तरी फी तीनच रुपये. पण शेजारच्याच ४०० रुपयांच्या घरासाठी दावा लावला, तर ३० रुपये! शेतकऱ्याला साऱ्याचा असा आधार मिळाला. मात्र वरच्या अंगाला वेगळीच गंमत होती. हजार रुपयांपर्यंत फी शेकडा साडेसात. हजाराच्या वर गेलेल्या रकमेवर शेकडा पाच, आणि पुढे आणखी कमी. शिवाय ३००० रुपयांच्या वर फी कधीच जायची नाही. म्हणजे दावा जितका मोठा, तितका रुपयामागे भार हलका.

मुंबई राज्याने १९५९ साली स्वतःचा कायदा केला. पट बदलले, दर बदलले. पण साऱ्यावरून किंमत धरण्याची रीत त्यातही राहिली. जिंकणाऱ्याला ही फी बहुधा हरणाऱ्याकडून खर्चात वसूल करता येते, हे खरं. पण आधी खिशात असेल तेव्हा ना!

ज्याच्या खिशात ती नसते, त्याच्यासाठी १९०८ च्या दिवाणी संहितेत वाट आहे. कोर्टाची खात्री पटली तर निर्धन माणसाला फी न भरता दावा चालवता येतो. तो जिंकला, तर सरकार ती फी मागाहून वसूल करतं. पाहिलंत? पैसा पुन्हा निवाड्यानंतर गेला. महाराष्ट्रात १९९४ च्या अधिसूचनेने मालमत्तेच्या वादात स्त्रियांना फी माफ झाली.  आणि कोर्टात चाललेला दावा लोकअदालतीत मिटला, तर भरलेली फी परत मिळते.

शिक्षकबंधूंनो, एखाद्या दिवशी वर्गात सातबाऱ्याचा उतारा आणा. त्यावरचा आकार मुलांना शोधू द्या आणि १८७० च्या दराने फी काढायला सांगा. सोळा आण्यांचा रुपया, एवढं मात्र आधी सांगून ठेवा. उत्तर काढल्यावर ती घरी जाऊन विचारतील, आपल्या शेताचा आकार किती? आणि घरच्या मोठ्यांनाही उतारा शोधावा लागेल.