गणतीबाहेरचीं मायलेंकरें

इतिहासकार राजांच्या वंशावळी जपतात. रोगांच्या वंशावळीकडे त्यांचें लक्ष क्वचितच जातें. वस्तुतः ईजिप्तमधील बिल्हार्झिया हा रोग तेथील कोणत्याहि राजघराण्याहून दीर्घायुषी ठरला. विसाव्या राजघराण्याच्या काळांतील दोन ममींच्या मूत्रपिंडांत त्याच्या कृमीचीं अंडीं असल्याचें रुफर यांनीं १९१० मध्यें दाखविलें. खुद्द कृमि त्यापूर्वींच, १८५१ मध्यें, कैरो येथें शवविच्छेदन करितांना थिओडोर बिल्हार्झ या जर्मन वैद्यास सांपडला होता. पुढें १९१५ मध्यें लीपर यांनीं सिद्ध केलें कीं, या कृमीचें बाल्य गोड्या पाण्यांतील गोगलगाईंच्या शरीरांत जातें. तेथून सुटलेले सूक्ष्म जीव पाण्यांत उतरलेल्या माणसाची कातडी भेदून आंत शिरतात. हा रोग सर्वस्वीं परका आहे, असेंहि मानावयास नको. रत्नागिरी जिल्ह्यांतील गिमवी गांवीं अशाच कृमीचे रोगी असल्याचें गाडगीळ व शहा यांनीं १९५२ मध्यें प्रसिद्ध केलें.

रोग पाण्यांतून येतो, हें एकदां कळल्यावर पाण्याशीं नित्य संबंध कोणाचा, हा प्रश्न ओघानेंच येतो. शेतकऱ्याचें नांव लगेच पुढें आलें. परंतु कालव्यावर धुणें धुणारी, भांडीं घांसणारी, घागर भरणारी स्त्री, आणि त्याच पाण्यानें न्हाऊं घातलेलें तिचें तान्हें मूल, यांचा विचार फार उशिरां झाला. स्त्रीच्या जननेंद्रियांत हा रोग शिरतो, असें कैरोच्या मॅडन या शल्यवैद्यानें १८९९ मध्येंच लिहून ठेविलें होतें. तरीहि त्या रक्तस्रावास व वंध्यत्वास गुप्तरोगाचें नांव मिळून कित्येक निरपराध स्त्रियांना लोकापवाद सोसावा लागला. दोष पाण्याचा, आणि बोल शीलाला!

१९७० नंतरच्या दशकांत प्राझिक्वांटेल हें गुणकारी औषध निघालें. पण त्याची गोळी मोठी व कडू. शिवाय गर्भवतींवर व तान्ह्या मुलांवर त्याची पुरेशी परीक्षा झालेली नव्हती. म्हणून दोघांनाहि वगळण्यांत आलें. २००१ मध्यें जागतिक आरोग्य परिषदेनें जें ध्येय ठरविलें, तें शालेय वयाच्या ७५ टक्के मुलांपुरतें होतें. शाळा हें वांटपाचें सोयीचें ठिकाण खरें. पण जें मूल अजून शाळेच्या वयाचें झालें नाहीं, तें जणूं रोगीहि नाहीं, असा विपरीत न्याय त्यांतून रूढ झाला. सावधगिरीच्या पोटीं उपेक्षा जन्मली, ती अशी.

ती चूक आतां सुधारली जात आहे. गर्भवती व स्तनदा मातांना औषध द्यावें, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनीं २००२ मध्यें केली. २०२२ मध्यें दोन वर्षांवरील मुलांचा समावेश झाला. तीन महिन्यांपासून सहा वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीं पाण्यांत विरघळणाऱ्या नव्या गोळीस युरोपीय औषध संस्थेनें डिसेंबर २०२३ मध्यें अनुकूल मत दिलें. ईजिप्तनें दीर्घ प्रयत्नांनीं रोग पुष्कळ हटविला आहे. आज त्याचा मुख्य भार सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेवर आहे.

तथापि औषध आंतील कृमि मारतें, बाहेरचें पाणी शुद्ध करीत नाहीं. जिच्या दारीं नळ नाहीं, ती माता औषध घेतल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, कडेवर मूल घेऊन, त्याच पाण्यावर जाणार. तिला दुसरें पाणी मिळेपर्यंत या रोगाचा इतिहास लिहून पुरा झाला, असें कोणास म्हणतां येणार नाहीं.