पीपीई किटचे पैसे कोणी भरायचे?

आजची गोष्ट एका बिलापासून सुरू होते.

जून 2020. मुलुंडची आमची बिल्डिंग सील होती आणि बाबा नऊ दिवस एका खासगी हॉस्पिटलात. मेडिक्लेम पंधरा वर्षं जुना, एकही हप्ता चुकलेला नाही. बाबा बरे होऊन घरी आले. क्लेम पास झाला, पण 46 हजार कापून. कारण? ‘नॉन-मेडिकल खर्च’. त्यातली सगळ्यात मोठी ओळ पीपीई किटची.

आई म्हणाली, "किट न घालता डॉक्टर आत आले असते का रे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी बीटेक, दिवसभर दुसऱ्यांचा कोड वाचतो. घरच्या पॉलिसीची पीडीएफ मात्र कधी उघडलीच नव्हती.

मग शोधायला बसलो. आपल्याकडे मेडिक्लेम आला 1986 मध्ये, चार सरकारी कंपन्यांकडून. 1999 च्या आयआरडीए कायद्यानंतर खासगी कंपन्या आल्या आणि प्रत्येकीच्या अटी वेगळ्या. शेवटी सप्टेंबर 2019 मध्ये आयआरडीएआयने काय काय वगळायचं याचे नियम एकसारखे केले. न मिळणाऱ्या खर्चांच्या यादीत लाँड्री, फोन, मिनरल वॉटर. यात काही चूक नाही. पण एकदा वापरून फेकायच्या वस्तूही अशाच किरकोळ खर्चात धरल्या जायच्या. साध्या दिवसांत त्याचं काही वाटत नव्हतं.

सहा महिन्यांत कोरोना आला. 4 मार्च 2020 ला आयआरडीएआयने कंपन्यांना बजावलं: कोविडचे क्लेम लवकर निकाली काढा, आणि समितीने नीट तपासल्याशिवाय एकही नाकारू नका. म्हणजे बघा, आजार वगळलेला नव्हता. आजारासोबत येणारं सामान वगळलं गेलं.

21 मे ला राज्य सरकारने खासगी हॉस्पिटलांच्या 80 टक्के खाटांचे दर बांधले. वॉर्डला दिवसाला 4,000, आयसीयूला 7,500, व्हेंटिलेटर असेल तर 9,000. या आदेशाच्या मागे जे कायदे होते, त्यात 1897 चा साथरोग कायदाही होता, मुंबईच्या प्लेगच्या वेळी केलेला! पण पीपीई किट याही पॅकेजच्या बाहेरच. विमा देत नाही, पॅकेजात बसत नाही. मग उरतो पेशंट.

10 जुलैला ‘कोरोना कवच’ पॉलिसी आली. 50 हजार ते 5 लाखांचं कव्हर, आणि त्यात पीपीई किट, ग्लोव्ह्ज, मास्क धरलेले. म्हणजे हा खर्च उपचाराचाच भाग आहे हे मान्य झालं. फक्त आमचं बिल जूनचं होतं.

मी म्हटलं, कंपनीला लिहू, नाही ऐकलं तर सांताक्रूझला विमा लोकपालांकडे जाऊ. तिथे फी नाही, वकील लागत नाही. बाबा म्हणाले, "जाऊ दे, जीव वाचला ना."

मी जाऊ दिलं. त्याची चुटपुट अजून आहे.

तुम्ही एवढंच करा: आज रात्री घरच्या पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि ‘कन्झ्युमेबल्स’ शब्द शोधा. भेटू पुढच्या भागात.