शेवटच्या क्रमांकावरून अजिंक्यपदाकडे

आपल्या महाड-पोलादपूरकडे भातकापणी उरकली, खाचरे मोकळी झाली, की पोरे रेघा आखून हुतूतूला उभी राहतात. माती आणि दम, एवढेच भांडवल! हाच खेळ 1936 साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला दाखवला. 1990 साली तो आशियाई खेळांत आला आणि 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू होऊन खेळाडूंवर बोली लागू लागली. या लीगमधील पुणेरी पलटण या संघाची हकिगत ऐकण्याजोगी आहे.

पहिल्या हंगामात संघ आठ होते आणि पलटण आठवी. 2022 साली ती प्रथमच अंतिम सामन्यात पोचली. पण अस्लम इनामदार आणि मोहित गोयत हे बिनीचे चढाईपटू जायबंदी. 17 डिसेंबरला मुंबईत जयपूरने 33-29 असा विजय मिळवला. अवघे चार गुण कमी पडले.

हार झाली म्हणून पलटणीने तरुण गडी मोडीत काढले नाहीत. अहिल्यानगर जिल्ह्यातील खेड्यातून आलेला अस्लम कर्णधार झाला. बचावाला इराणचा मोहम्मदरेझा शादलुई 2 कोटी 35 लाख रुपयांना घेतला. गंमत पाहा, ऑक्टोबर 2023 मध्ये आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात भारत आणि इराण समोरासमोर होते. डिसेंबरात हे दोघे एकाच बाजूला!

आता हिशेब पाहू. त्या हंगामात संघ होते बारा, प्रत्येकाचे सामने 22. तेव्हा विजयाला 5 गुण मिळत, बरोबरीला 3, सात किंवा त्याहून कमी गुणांनी हरल्यास 1. पलटणीने 17 जिंकले, 3 बरोबरीत सोडवले आणि 2 थोडक्यात गमावले. म्हणजे 85, 9 आणि 2, एकूण 96. तेव्हा बाद फेरीत सहा संघ जात. त्यांतले पहिले दोन थेट उपांत्य सामना खेळत. पलटण पहिली होती.

उपांत्य सामन्यात पाटण्याला 37-21 असे सहज नमवले. 1 मार्च 2024 रोजी हैदराबादला हरियाणाशी गाठ पडली. ही झुंज मात्र चिवट होती. पंकज मोहितेने एकाच चढाईत चार गडी टिपले, त्याचे एकूण गुण झाले 9. अखेर 28-25. पलटण प्रथमच अजिंक्य ठरली.

कोणी म्हणेल, हा पैशाचा खेळ. आपल्या पोरांना त्याचे काय? पैसा आहे खरा. मातीवर अनवाणी खेळणाऱ्याला तिथे मॅटवर बूट घालून उतरावे लागते, हेही खरे. परंतु शादलुईने पाय धरला, तरी गड्याला दाबून ठेवायला बाकीचे धावून यावेच लागतात. ते विकत मिळत नाही; सरावाने येते. शिक्षक बंधूंनी शाळेच्या पटांगणात चढाई शिकवताना ही साखळीची पकडही तितक्याच निगुतीने शिकवावी. टाळ्या चढाईला पडतात. पण ती पलटण वर्षभर उभी राहिली ती पकडीवर.