कळसूबाईपेक्षा बुटका डोंगर आणि गुडघ्याएवढे गडगे

ज्यांना कानात हेडफोन घालण्यापेक्षा वाचायला जास्त आवडतं, त्यांच्यासाठी आजच्या भागाचा हा लेखी अवतार. विषय एका ट्रेकचा आहे, पण ट्रेक कसा करायचा ते मी सांगणार नाहीये. बूट कुठले घ्यायचे, पाणी किती न्यायचं, यावर यूट्यूबवर शेकडो व्हिडिओ पडलेत. आपण बघणार आहोत एका पायवाटेचा इतिहास.

ही पायवाट आहे अमेरिकेत, न्यू हॅम्पशायर राज्यातल्या व्हाइट माउंटन्समध्ये. नाव फ्रँकोनिया रिज लूप. नोकरीमुळे मी सध्या बॉस्टनला असतो, तिथून गाडीने साधारण सव्वादोन तास. ट्रेक सुमारे १४ किलोमीटरचा. एका सोंडेने वर चढायचं, डोंगराच्या धारेवरून अडीच-पावणेतीन किलोमीटर चालायचं, दुसऱ्या सोंडेने उतरून पुन्हा पार्किंगमध्ये. वाटेत लिटल हेस्टॅक, माउंट लिंकन आणि सगळ्यात शेवटी माउंट लफायेट हे मुख्य शिखर. उंची साधारण १,६०० मीटर.

आता सह्याद्रीत फिरणाऱ्यांच्या भुवया उंचावल्या असतील. आपली कळसूबाई १,६४६ मीटर! म्हणजे हा डोंगर कळसूबाईपेक्षा बुटका. मग लोक याला 'अल्पाइन' का म्हणतात? कारण १,४०० ते १,५०० मीटरच्या आसपास इथे झाडं संपतात. कापली म्हणून संपत नाहीत, वाढूच शकत नाहीत. आपण विषुववृत्तापासून १९-२० अंशांवर, हे ४४ अंशांवर. त्यात इथला वारा. याच डोंगररांगेतल्या माउंट वॉशिंग्टनवर १२ एप्रिल १९३४ ला ताशी ३७२ किलोमीटर वेगाचा झोत मोजला गेला होता. अशा वाऱ्यात फर आणि स्प्रूसची झाडं आधी खांद्याएवढी होतात, मग गुडघ्याएवढी, मग जमिनीला चिकटून आडवी वाढतात. या खुरट्या रानाला जर्मन शब्द आहे, क्रुमहोल्ट्झ, म्हणजे वाकडं लाकूड. त्याच्या वर फक्त खडक आणि खडकाच्या फटीत वाढणारी बोटभर उंचीची झाडं.

ही झाडं खरं तर आर्क्टिकची. हिमयुगाची बर्फाची चादर हजारो वर्षांपूर्वी उत्तरेकडे सरकली, तिच्या मागोमाग ही झाडंही सरकली. खालच्या गरम झालेल्या दऱ्यांमध्ये जंगल आलं, आणि या काही शिखरांवर ती अडकून राहिली. समुद्रात बेट असतं तशी. डायपेन्सिया नावाचं एक झाड आहे, हिरव्या उशीसारखं दिसतं, जूनमध्ये त्यावर पांढरी फुलं येतात. इतकं हळू वाढतं की हाताच्या पंज्याएवढी उशी व्हायला कित्येक दशकं जातात. वाऱ्याला, बर्फाला ते पुरून उरतं. बुटाला नाही. हे डोक्यात ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

नावाचं आधी उरकून टाकू. मार्की द लफायेट हा फ्रेंच उमराव १९ वर्षांचा असताना, १७७७ मध्ये, अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढायला आला. पुढे १८२४-२५ मध्ये म्हातारपणी पाहुणा म्हणून परत आला आणि तेव्हाच्या सगळ्या २४ राज्यांत फिरला. गावोगावी सत्कार झाले, रस्त्यांना, गावांना त्याचं नाव दिलं गेलं. तोवर 'ग्रेट हेस्टॅक' म्हणजे गवताची मोठी गंजी म्हणून ओळखलं जाणारं हे शिखर त्याच लाटेत लफायेट झालं. (मला गंजी जास्त आवडलं असतं.)

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे हॉटेलं आली. डोंगराखालच्या फ्रँकोनिया खिंडीत 'प्रोफाइल हाउस' नावाचं भलं मोठं हॉटेल होतं. शहरातले श्रीमंत लोक उन्हाळाभर तिथे राहायचे आणि शिखरावर जायचे ते घोड्यावर बसून. त्या वाटेचं नाव आजही ओल्ड ब्रायडल पाथ, आपण लूपमध्ये उतरताना तीच वापरतो. माथ्यावर पाहुण्यांसाठी दगडाचं एक छोटं घर होतं. घर गेलं, जोतं उरलंय. आजचे ट्रेकर त्या जोत्याच्या आडोशाला बसून सँडविच खातात. बहुतेकांना वाटतं की वारा अडवायला कोणीतरी दगड रचून ठेवलेत.

चढायची वाट वेगळी, फॉलिंग वॉटर्स ट्रेल. नावाप्रमाणे धबधब्यांच्या कडेकडेने जाते, त्यातला क्लाउडलँड फॉल्स सुमारे २४ मीटरचा. पण या वाटेचे काही तुकडे मुळात लाकूडतोड्यांचे रस्ते आहेत. जुन्या कंपनीत जॉइन झाल्यावर लेगसी कोड उघडावा आणि प्रत्येक फंक्शनमागे वेगळ्या माणसाची वेगळी गरज दिसावी, तसा हा लूप आहे.

लाकडाची गोष्ट मोठी आहे. धारेवर उभं राहून पूर्वेकडे बघितलं की नजर पोचेल तिथपर्यंत जंगल दिसतं, एक रस्ता नाही, एक घर नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं हे आदिम अरण्य असणार. तसं ते नाही. १८९२ मध्ये जे. ई. हेन्री नावाचा लाकडाचा ठेकेदार लिंकन गावात आला आणि त्याने या खोऱ्यात स्वतःची रेल्वे टाकली. उतारच्या उतार बोडके केले. तोडलेल्या फांद्यांचे ढीग तिथेच वाळत पडायचे, मग इंजिनाची ठिणगी किंवा वीज, काहीही पुरायचं. १९०७ मध्ये इथे आगीत हजारो एकर जळाले.

याचा त्रास झाला तो खालच्या गिरण्यांना. इथली पेमिजेवासेट नदी पुढे मेरिमॅकला मिळते, आणि मेरिमॅकच्या काठावर मँचेस्टर, लोवेल ही कापड गिरण्यांची शहरं. डोंगर उघडे पडल्यावर पावसाळ्यात पूर, उन्हाळ्यात कोरडं पात्र आणि पाण्यात गाळ, अशी ओरड सुरू झाली. सुंदर डोंगरांसाठी कायदा करा म्हणणाऱ्या निसर्गप्रेमींच्या बाजूला गिरणीमालक येऊन उभे राहिले. माझ्या मते पारडं तिथेच फिरलं.

आणि कायदा कसा केला तेही बघा. पश्चिमेत जमीन सरकारचीच होती, तिथे राष्ट्रीय वनं घोषित करणं सोपं होतं. पूर्वेत जवळपास सगळी जमीन खाजगी. केंद्र सरकारने जंगलासाठी जमीन विकत घ्यायची तर राज्यघटनेतला आधार कुठला? उत्तर निघालं नद्यांमधून. राज्याराज्यांतला व्यापार हा केंद्राचा विषय, नौकानयन हा व्यापाराचा भाग, म्हणून नौका चालणाऱ्या नद्यांचे उगम सांभाळणं केंद्राच्या अधिकारात. हा १९११ चा वीक्स कायदा. त्यातून जमिनी विकत घेत घेत १९१८ मध्ये व्हाइट माउंटन राष्ट्रीय वन उभं राहिलं. हेन्रीच्या खोऱ्यातली रेल्वे मात्र १९४८ पर्यंत चालूच होती. १९८४ मध्ये त्या खोऱ्याला संरक्षित अरण्याचा दर्जा मिळाला. म्हणजे धारेवरून दिसणारं ते 'आदिम' जंगल आपल्या पणजोबांपेक्षा लहान आहे.

पश्चिमेची खिंड वेगळ्या मार्गाने वाचली. १९२३ मध्ये प्रोफाइल हाउस जळालं आणि मालकांनी सुमारे ६,००० एकर विकायला काढले. लाकूड कंपन्यांचा डोळा होताच. किंमत ४ लाख डॉलर. राज्याने २ लाख दिले, बॉस्टनच्या एका बँकरच्या मृत्युपत्रातल्या निधीतून १ लाख आले, उरलेले १ लाख लोकांकडून जमवायचे होते. वनसंरक्षण संस्था आणि महिला मंडळांच्या महासंघाने मोहीम काढली: एक डॉलर द्या, एक झाड वाचवा. शाळेतल्या पोरांनीही पैसे दिले. १९२८ मध्ये खिंड राज्याचं उद्यान झाली. आजच्या भाषेत हे चक्क क्राउडफंडिंग.

तर जंगल वाचलं, खिंड वाचली. मग धोका आला तो डोंगरावर प्रेम करणाऱ्यांकडून. १९७० च्या दशकात पाठीवर सॅक घेऊन फिरण्याची प्रचंड लाट आली. धारेवर माणसं वाढली. चिखल दिसला की माणूस कडेने जातो, पुढचा आणखी कडेने जातो, गप्पा मारणारे चौघं शेजारी शेजारी चालतात. वाट रुंदावत गेली आणि त्या हिरव्या उशा पायाखाली आल्या. एकदा चटई फाटली की खालची वीतभर माती पाऊस आणि वारा घेऊन जातो. मग तिथे नुसता खडक.

इथे येतात गाय आणि लॉरा वॉटरमन. (हो, त्यांचं नाव गायच. मराठीत लिहिताना पंचाईत होते.) गाय एकेकाळी वॉशिंग्टनमध्ये राजकारण्यांची भाषणं लिहायचे. १९७३ च्या सुमारास हे जोडपं शहर सोडून व्हरमाँटमध्ये विजेशिवायच्या घरात राहायला गेलं. गिर्यारोहणावर आणि डोंगरात कसं वागावं यावर दोघांनी मिळून पुस्तकं लिहिली, आणि जवळपास दोन दशकं फ्रँकोनियाची ही धार स्वयंसेवक म्हणून सांभाळली.

काम काय, तर दगड लावणं. वाटेच्या दोन्ही बाजूंना बुटक्या, गुडघ्याच्याही खालच्या दगडी रांगा. माझं आजोळ कोकणातलं, तिथे अशा बिनसिमेंटच्या दगडी कुंपणाला गडगा म्हणतात. हे त्याचं बाळ. या गडग्याने माणूस अडत नाही, लहान मूलही ओलांडेल. पण त्याच्या आतली वाट सपाट केली, बाहेर मुद्दाम ओबडधोबड दगड ठेवले, की पाय आपोआप आत राहतात. पाटी नको, दंड नको. इंजिनिअर म्हणून मला हे फार आवडलं: योग्य गोष्ट सगळ्यात सोपी करून ठेवायची.

याचा उपयोग होतो का? रॉबिन्स सिंकफॉइल नावाचं नाण्याएवढं, पिवळ्या फुलांचं झाड आहे. जगात फक्त माउंट वॉशिंग्टनच्या बाजूला आणि या फ्रँकोनियाच्या धारेवर सापडतं. १९८० मध्ये ते अमेरिकेच्या धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत गेलं. वॉशिंग्टनच्या बाजूला त्याच्या मधोमध जाणारी पायवाट हलवली, रोपं वाढवून लावली, आणि २००२ मध्ये ते यादीतून बाहेर आलं. अशा याद्यांमधून झाडं नामशेष होऊनही बाहेर पडतात. हे बरं होऊन बाहेर पडलं.

गाय वॉटरमन यांचं २००० मध्ये याच लफायेट शिखरावर निधन झालं. धारेची देखभाल पुढच्या लोकांकडे गेली.

गर्दी आता तेव्हापेक्षाही जास्त आहे. शनिवार-रविवारी पार्किंग सकाळीच भरतं. गेली काही वर्षं लूपवर मोठी दुरुस्ती चालू आहे, चढावर धूप थांबवायला दगडी पायऱ्या बसवल्या जातायत. आणि गडगे दरवर्षी हलतात. हिवाळ्यात फटीतलं पाणी गोठतं, फुगतं, दगड ढकलतं, आणि बर्फ वितळला की कोणीतरी वर जाऊन ते पुन्हा एकेक करून जागेवर लावतं.