कैलासाची सोडत आणि आपली चिठ्ठी



आष्टीच्या आमच्या बचत गटाची सहल मागं वेरूळला गेली होती. कैलास लेण्याच्या अंगणात उभ्या राहून सगळ्या जणी मान वर करून बघत होत्या. मी त्यांना तिथली जुनी कथा सांगितली. राजा आजारी पडला, राणीनं महादेवाला नवस केला. राजा बरा झाला तर देऊळ बांधीन आणि त्याचं शिखर दिसेपर्यंत अन्नाला शिवणार नाही, असा तो नवस. देऊळ बांधायला तर वर्षं लागणार. मग पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढं आला. त्यानं डोंगर वरून कोरायला घेतला, शिखर आधी घडवलं आणि राणीचा उपास सुटला. ही झाली कथा. इतिहासाची पुस्तकं सांगतात की हे लेणं आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात कोरलं गेलं. पण डोंगर वरून खाली कोरत आणला, हे कथेतही आहे आणि दगडातही दिसतं.

कथा ऐकून गटातल्या एक काकू म्हणाल्या, "हा झाला कोरलेला कैलास. खरा कैलास कुठंय? तिथं आपल्यासारखीला जाता येतं का?"

मी म्हटलं, "येतं. पण जागा थोड्या असतात, म्हणून सोडत काढतात. चिठ्ठी लागली तर जायचं."

काकू लगेच म्हणाल्या, "मग ते राहू दे बाई. चिठ्ठी आपल्या नशिबात कुठली?"

त्या एका वाक्यासाठी आजचं हे भाषण आहे. चिठ्ठी नशिबाची असते का? कैलासाच्या वाटेचा इतिहास बघितला तर त्याचं उत्तर सापडतं.

कैलास पर्वत तिबेटात आहे, म्हणजे आज चीनच्या ताब्यातल्या मुलखात. त्याची उंची ६,६३८ मीटर. त्याच्याजवळच मानसरोवर आहे. हिंदू, बौद्ध, जैन आणि तिबेटातले बोन धर्माचे लोक, सगळेच त्याला मानतात. यात्रेकरू शिखरावर चढत नाहीत, पर्वताला प्रदक्षिणा घालतात. सुमारे ५० किलोमीटरची ती वाट साधारण तीन दिवसांत चालतात. तिच्यात डोल्मा खिंड लागते, ती ५,६०० मीटरहून उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटरचं. म्हणजे तीन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी ती खिंड वरच राहते. तिथं हवा विरळ, चार पावलं टाकली की धाप लागते.

पूर्वी या वाटेवर सोडत नव्हती. ज्याच्या पायात बळ आणि कमरेला पैसा, तो निघायचा. कुमाऊंच्या डोंगरातले व्यापारी लिपुलेख खिंडीतून तिबेटात मीठ-लोकरीच्या व्यापाराला जायचे, त्यांच्या सोबतीनं साधू आणि यात्रेकरू जायचे. घरादारातली बाई सहसा मागंच राहायची. तीर्थाच्या वाटेवर निवारा हवा, हे आपल्याकडं कुणी ओळखलं असेल तर ते चौंडीच्या लेकीनं. अहिल्याबाई होळकरांनी देशभर घाट आणि धर्मशाळा बांधल्या, हिमालयात बद्री-केदारपर्यंत. वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धारही त्यांचाच. रात्रीला छप्पर असलं की अशक्त माणूसही घरून निघायचं धाडस करतो, हे त्यांना कळलं होतं.

पुढं देशांच्या सीमा आल्या. १९५४ साली भारत आणि चीन यांच्यात तिबेटबाबत करार झाला. यात्रेकरूंनी कैलास-मानसरोवराला जावं, याची सोय त्यात लिहिली होती, आणि जायच्या ६ खिंडींची नावंही दिली होती. लिपुलेख त्यातली एक. तो करार ८ वर्षांचा होता. १९६२ मध्ये त्याची मुदत संपली आणि त्याच वर्षी युद्ध झालं. वाट बंद पडली. तब्बल १९ वर्षं कैलास फक्त पोथीत आणि तसबिरीत उरला. १९८१ मध्ये दोन्ही सरकारांत बोलणी होऊन लिपुलेखची वाट पुन्हा उघडली. तेव्हापासून आपलं परराष्ट्र मंत्रालय ही यात्रा चालवतं, आणि आपल्या हद्दीतल्या डोंगरातल्या मुक्कामांची व्यवस्था कुमाऊं मंडल विकास निगम बघतं.

आता सोडत का आली, ते नीट समजून घेऊ. डोंगरात तेव्हा लॉज नव्हते. गाला, बुधी, गुंजी, कालापानी, नाभीढांग असे एकेक मुक्काम असायचे. प्रत्येक ठिकाणी झोपायच्या जागा मोजक्या. गुंजीला थांबून शरीराला उंचीची सवय करून घ्यायची, डॉक्टरांनी तपासून पुढं सोडायचं. खेचरं आणि हमाल किती मिळतील तेही ठरलेलं. त्यात पलीकडच्या देशानं किती माणसं येऊ द्यायची याचाही आकडा. म्हणून तुकड्या पाडल्या, एका तुकडीत पन्नास-साठ माणसं. जायला इच्छुक हजारोंनी. मग कुणाला न्यायचं? ओळखीच्याला? आधी आला त्याला? जास्त पैसे देईल त्याला? यातलं काहीही केलं असतं तर खेड्यातल्या माणसाचा नंबर कधीच लागला नसता. म्हणून सोडत. २०१५ पासून अर्ज आणि निवड सगळं संगणकावर होतं. त्याच वर्षी सिक्कीममधून नाथू-लाची दुसरी वाट उघडली. तिकडं चालणं कमी, खर्च जास्त.

म्हणजे बघा, सोडत ही देवाची मर्जी म्हणून आलेली नाही. वशिला चालू नये म्हणून माणसांनी केलेला तो एक नियम आहे. आपल्या भिशीत काय असतं? डब्यात सगळ्यांच्या चिठ्ठ्या, लहान पोरानं एक उचलायची, आणि जिची एकदा निघाली तिची पुन्हा टाकायची नाही. हा शेवटचा नियम कुणी केला? बायांनीच केला, सगळ्यांची पाळी यावी म्हणून. कैलासाच्या सोडतीतही पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला प्राधान्य देण्याची पद्धत आली, ती याच हिशोबानं.

चिठ्ठीचा नियम फार जुना आहे. तमिळनाडूत कांचीपुरमजवळ उत्तरमेरूर नावाचं गाव आहे. तिथल्या देवळाच्या भिंतीवर दहाव्या शतकातला, चोळ राजा परांतक याच्या काळातला शिलालेख आहे. गावच्या कारभारी समित्यांवर माणसं कशी निवडायची, ते त्यात लिहिलंय. ताडाच्या पानांवर नावं लिहायची, घागरीत टाकायची, सगळ्यांसमोर हलवायची आणि एका लहान मुलाला उचलायला लावायची. आपल्याकडं सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तिथंही लहान मूल चिठ्ठी उचलतं, तस्संच. किती चोख कारभार! पण त्याच शिलालेखात पुढची गोष्ट आहे. घागरीत नाव कुणाचं पडणार? ज्याच्याकडं कर भरण्याजोगी जमीन आहे, स्वतःच्या जागेवर घर आहे, वेदाचं ज्ञान आहे, त्याचं. म्हणजे गावातल्या बहुतेकांचं नाव पानावर लिहिलंच गेलं नाही. बायांचं तर सोडूनच द्या. उचलणारं पोर निर्मळ होतं, घागरही निर्मळ होती. अन्याय झाला तो घागरीच्या बाहेर, आधीच.

आता हजार वर्षं पुढं येऊ. करोनामुळं कैलासाची यात्रा २०२० पासून ५ वर्षं बंद होती. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली. त्या वर्षी ५,५६१ जणांनी अर्ज केले आणि सोडतीतून ७५० जण निवडले गेले. ५ तुकड्या लिपुलेखनं, १० तुकड्या नाथू-लानं. या ५,५६१ अर्जांत पुरुष ४,०२४ आणि बाया १,५३७. शंभरात अठ्ठावीससुद्धा नाहीत. आणि लक्षात घ्या, ही निवड स्त्री-पुरुषांचा समतोल राखून केली जाते, असं मंत्रालय स्वतः सांगतं. म्हणजे संगणक बायांना घ्यायला तयार बसलाय. पण डब्यात चिठ्ठीच नसेल तर तो उचलणार काय?

चिठ्ठी का पडत नाही? वाटेतले अडथळे मोजा. वय १८ ते ७० हवं. ते बसतं. पासपोर्ट हवा. आपल्यापैकी किती जणींकडं आहे? उंचीच्या मानानं वजन बेतात हवं, रक्तदाब नीट हवा. दिल्लीत तपासणी होते, तिथून माणसं परत पाठवतात. तीन आठवडे घर सोडावं लागतं. आणि खर्च २०२५ मध्ये लिपुलेखच्या वाटेनं पावणेदोन लाखांच्या घरात होता, नाथू-लानं त्याहून लाखभर जास्त. मी कुणाला खोटी आशा लावत नाही. आपल्या गटातल्या बहुतेकींना हा खर्च झेपणारा नाही. पण पैसा नाही म्हणून जमलं नाही, हे एक. नशिबात नव्हतं म्हणून जमलं नाही, हे दुसरं. ह्या दोन गोष्टी एक नाहीत.

चिठ्ठी लागणं म्हणजे देव पावला असंही नाही. १९९८ साली ऑगस्टमध्ये याच वाटेवर मालपा इथं रात्री डोंगर कोसळला. मुक्कामाला असलेली सुमारे सव्वादोनशे माणसं गेली. त्यात ६० यात्रेकरू होते. प्रसिद्ध ओडिसी नर्तिका प्रोतिमा बेदी त्यांच्यातल्याच. बाकीचे हमाल, खेचरवाले, कामावरची माणसं. त्या यात्रेकरूंनाही चिठ्ठी लागलीच होती. तेव्हा लागली म्हणून पुण्यवान आणि नाही लागली म्हणून पापी, हा हिशोब सोडून द्या.

आणि नियम बदलता येतो, हेही इतिहासातच आहे. हजच्या यात्रेलाही अर्ज जास्त आले की सोडत काढतात. आपल्या गटांतल्या मुस्लिम मैत्रिणींना हे माहीत आहे. मेहरम, म्हणजे जवळचा पुरुष नातेवाईक, सोबत असल्याशिवाय बाईचा अर्ज घेतलाच जात नसे. २०१८ च्या हजसाठी नियम बदलला. ४५ वर्षांवरच्या बायांनी चौघींचा गट करून अर्ज करावा, असं ठरलं. देशभरातून सुमारे १,३०० बायांनी अर्ज केले आणि त्या वर्षी त्यांना सोडतीशिवाय पाठवलं गेलं. इतकी वर्षं त्या घरी होत्या, ते काय नशिबानं? नियमानं. सरपंचपदाचंही तेच. १९९३ नंतर बायांसाठी एक तृतीयांश जागा राखल्या, २०११ पासून निम्म्या. तोवर गावोगावच्या बाया काय कमनशिबी होत्या?

आता वेरूळच्या त्या काकूंकडं परत येते. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये मुख्यमंत्री तीर्थ दर्शन योजना जाहीर केली. वय ६० किंवा जास्त, घरचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, तीर्थयात्रेसाठी माणशी ३० हजार रुपयांपर्यंतचा खर्च सरकारचा. कैलास त्यात नाही, पण देशातली आणि राज्यातली मोठमोठी तीर्थं आहेत. जिल्ह्याच्या कोट्यापेक्षा अर्ज जास्त आले तर इथंही सोडत. काकूंचं वय बसत होतं, रेशनकार्ड केशरी. मी म्हटलं, कागद घेऊन या. त्यांनी पिशवी उलटी केली. आधारवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. मतदार ओळखपत्रावर नावच चुकलेलं. बँकेच्या पुस्तकावर तिसरंच. एकाच बाईची तीन नावं. दुरुस्त्या करेपर्यंत महिने गेले आणि त्या खेपेचा अर्ज राहून गेला. काकू म्हणाल्या, "बघ, म्हटलं नव्हतं का, चिठ्ठी आपल्या नशिबात नाही."

मी त्यांना म्हटलं, काकू, तुमची चिठ्ठी लागली नाही असं म्हणू नका. ती डब्यात पडलीच नव्हती.

त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मग आता टाकायची कशी ते सांग."

तेच तुम्हा सगळ्यांना सांगते. पुढच्या बैठकीत हप्ता आणि कर्जाचं झालं की अर्धा तास काढा. प्रत्येकीनं आपले कागद आणायचे आणि शेजारणीकडून तपासून घ्यायचे. सगळीकडं नाव एकच आहे का, जन्मतारीख एकच आहे का, मोबाइल नंबर आपला आहे का पोराचा. जिथं चूक असेल ते इतिवृत्तात लिहा आणि दुरुस्तीला दोघी-दोघी मिळून जा. साठीपुढच्या बायांनी तीर्थ दर्शनाचे अर्ज कधी निघतात, ते समाज कल्याण कार्यालयात विचारून ठेवावं. आणि एखाद्या तरुण मैत्रिणीला डोंगराची ओढ असेल, पासपोर्ट काढायची ऐपत असेल, तर तिला हसू नका. कैलासाचा अर्ज भरायला तिला मदत करा.

काकूंच्या तीनपैकी दोन कागदांवर आता नाव एकसारखं झालंय. तिसऱ्याची पावती त्यांनी देव्हाऱ्यात महादेवाच्या तसबिरीमागं ठेवलीय.