वाफेच्या इंजिनाचे जतन व स्वयंसेवकांचे श्रम : हिंगोलीच्या लोहमार्गाच्या संदर्भात एक विचार

हिंगोली जिल्ह्याच्या आर्थिक इतिहासाचा मागोवा घेणाऱ्या अभ्यासकास पूर्णा-हिंगोली लोहमार्गापाशी थांबल्यावाचून पुढे जाता येत नाही. निजामाच्या राज्यातील रेल्वेचा हा फाटा १९१२ साली वाहतुकीस खुला झाला. मनमाडहून सिकंदराबादेकडे जाणारा मीटरगेजचा मुख्य मार्ग त्यापूर्वी, विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी, तयार झालेला होता. पूर्णा जंक्शनावरून उत्तरेस वळणाऱ्या या फाट्याने वसमत व हिंगोली येथील कापसाच्या पेठा त्या मार्गाला जोडल्या. पुढे १९६० च्या सुमारास हिंगोली-अकोला-खांडवा हा दुवा पुरा झाला आणि दक्षिणेकडील मीटरगेजची माळवा व राजस्थानातील मीटरगेजशी गाठ पडली. जयपूरकडे जाणारी मीनाक्षी एक्स्प्रेस याच वाटेने धावत असे. २००८ साली पूर्णा-अकोला मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले आणि हिंगोलीपुरता मीटरगेजचा सुमारे ९६ वर्षांचा कालखंड समाप्त झाला.

या कालखंडाचा बराच मोठा भाग वाफेच्या इंजिनांचा होता. आज मात्र त्या मार्गावर किंवा त्याच्या आसपास असे एकही इंजिन चालत्या स्थितीत नाही. ही गोष्ट हळहळ व्यक्त करून सोडून देण्याजोगी नाही. तिची कारणमीमांसा व्हावयास पाहिजे. काही देशांत जुनी इंजिने सामान्य नागरिकांनी स्वतःच्या श्रमाने दुरुस्त करून चालती ठेवली. आपल्याकडे ते का घडले नाही, आणि त्यामुळे इतिहासाच्या साधनांपैकी नेमके काय हरवत आहे, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे.

प्रथम 'जतन' या शब्दाचा अर्थ निश्चित करणे अवश्य आहे. स्थानकासमोर चौथऱ्यावर रंगवून उभे केलेले इंजिन हे एक प्रकारचे जतन होय. त्यात लोखंड टिकते, आकार टिकतो. परंतु इंजिन हे ज्या क्रियेसाठी निर्माण झाले ती क्रिया टिकत नाही. थंड इंजिनात वाफ तयार करावयास कित्येक तास लागतात. विस्तव घाईने वाढविला तर बॉयलरचे निरनिराळे भाग कमीअधिक प्रसरण पावतात आणि सांधे व नळ्या गळू लागतात. अग्निपेटीच्या माथ्यावर पाणी सदैव असावे लागते. ते खाली गेल्यास माथ्याचा पत्रा तापून मऊ होतो व दाबाखाली फाटतो. म्हणून त्या माथ्यात शिसे भरलेली एक बूच बसविलेली असते. पाणी अपुरे पडले की शिसे वितळते आणि बाहेर पडणारी वाफ फायरमनला धोक्याची सूचना देते. ठराविक दिवसांनी बॉयलर धुऊन आतील गाळ व क्षार काढावे लागतात, नळ्यांतील काजळी झाडावी लागते, पाण्याच्या दाबाने बॉयलरची कसोटी घ्यावी लागते. कोळसा कोठे व किती पसरावा, चढ येण्यापूर्वी किती आधी विस्तव वाढवावा, धुराच्या रंगावरून काय ओळखावे, हे पुस्तकात अंशतःच सांगता येते. बाकीचे जाणत्या माणसाशेजारी उभे राहून शिकावे लागते. म्हणून चालत्या इंजिनाचे जतन हे वस्तूचे जतन असतेच, पण त्याहून अधिक ते एका विद्येच्या परंपरेचे जतन असते. ज्या पिढीत शिकणारा मिळाला नाही, त्या पिढीत ती परंपरा तुटते.

स्वयंसेवकांनी रेल्वे चालविण्याचा पहिला प्रयोग वेल्समधील टॅलिलिन रेल्वेवर झाला. स्लेटच्या खाणीसाठी १८६५ च्या सुमारास बांधलेला हा अरुंद मार्ग १९५० साली मालकाच्या निधनानंतर बंद पडण्याच्या बेतात होता. टॉम रोल्ट या लेखकाने त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात बर्मिंगहॅम येथे सभा भरविली. तीतून एक संस्था उभी राहिली व १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांची पहिली गाडी धावली. त्या वेळी कामास येईल असे 'डॉलगॉक' हे एकच जुने इंजिन त्यांच्या हाताशी होते. या प्रयोगाच्या यशाची एक बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही. ब्रिटनमधील रेल्वे कंपन्यांचे १९४८ साली राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ही चिमुकली रेल्वे त्यातून वगळली गेली होती. मार्ग, इंजिन व जमीन खासगी मालकीची असल्यामुळे ती एखाद्या संस्थेच्या हाती येऊ शकली. अर्थात, उत्साहाला वाव देणारी मालकीची परिस्थिती तेथे आधीच अस्तित्वात होती.

आता महाराष्ट्राकडे वळू. येथे या विषयाशी निकटचा संबंध असलेले उदाहरण नेरळ-माथेरान रेल्वेचे आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या भांडवलावर व त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली हा ६१० मिलिमीटर रुंदीचा मार्ग बांधला गेला आणि १९०७ साली खुला झाला. वीस फुटांस एक फूट असा चढ व अत्यंत तीव्र वळणे यांसाठी जर्मनीतील ओरेनस्टाइन आणि कोपेल या कारखान्याकडून चार इंजिने मागविण्यात आली. त्यांच्या पुढच्या व मागच्या चाकांची रचना विशेष होती. ही चाके ज्या पोकळ आसावर बसविलेली होती, तो आतील मुख्य आसावर किंचित सरकू व कलू शके. त्यामुळे सहाही चाकांना शक्ती मिळूनही इंजिन वळणावर अडकत नसे. पुढे डिझेल इंजिने आली व ही चारही इंजिने निवृत्त झाली. त्यांपैकी ७४० क्रमांकाचे इंजिन इंग्लंडमध्ये गेले. लेटन बझर्ड येथील त्याच रुंदीच्या रेल्वेवर स्वयंसेवकांनी ते पुन्हा वाफेवर आणले. ती रेल्वे मुळात १९१९ साली वाळूच्या वाहतुकीसाठी निघाली होती व १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून ती हौशी मंडळी चालवीत आहेत. सह्याद्रीच्या चढणीसाठी घडविलेल्या यंत्राचा विस्तव परदेशातील नागरिकांनी आपल्या सुटीच्या दिवशी पेटवावा, ही घटना विचार करावयास लावणारी आहे. इकडे माथेरानच्या मार्गावर वाफेचे इंजिन पुन्हा दिसावे म्हणून दार्जिलिंग रेल्वेचे ७९४ क्रमांकाचे इंजिन आणून ते तेलावर चालण्याजोगे करण्यात आले. पण तो रेल्वे प्रशासनाचा उपक्रम होता.

भारतातील एकंदर जतनकार्याचे स्वरूप असेच राहिले आहे. दिल्लीचे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय १९७७ साली सुरू झाले. त्याच्या उभारणीत मायकेल सॅटो या इंग्रज जाणकाराचे साहाय्य मोलाचे ठरले. १८५५ साली लीड्स येथे बनलेले 'फेअरी क्वीन' हे इंजिन १९९७ साली पुन्हा प्रवासी गाडी ओढू लागले. रेवाडीचे जुने शेड वाफेच्या इंजिनांचे केंद्र म्हणून राखले गेले. हे कार्य निःसंशय स्तुत्य आहे. तथापि इंजिन सरकारचे, रूळ सरकारचे, कारागीर सरकारचा नोकर अशी ही व्यवस्था आहे. रेल्वे हे सरकारी खाते असल्याने बाहेरच्या नागरिकास त्या विस्तवाजवळ उभे राहण्याचा अधिकारच नाही. सुरक्षिततेच्या दृष्टीने हे योग्यही असेल, परंतु त्याचा परिणाम असा की, अधिकाऱ्याची आस्था असेतोवर इंजिन चालते आणि त्याची बदली होताच ते थांबण्याचा संभव राहतो.

परंतु मालकीचा प्रश्न हे संपूर्ण उत्तर नव्हे. मराठवाड्याच्या बाबतीत याहून खोल असे एक कारण आहे, व ते येथील लोकभावनेच्या इतिहासात सापडते. इंग्लंडमध्ये छोट्या रेल्वेवर लोकांनी प्रेम केले, कारण मोठी रेल्वे त्यांच्या दाराशी कधीचीच आलेली होती. मराठवाड्यात तसे नव्हते. येथे मीटरगेज ही मागासलेपणाची खूण मानली जाई. मनमाडला माल उतरवून पुन्हा चढवावा लागे, मुंबईची थेट गाडी मिळत नसे, कारखानदारी येण्यास अडथळा होई. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखाली मराठवाडा जनता विकास परिषदेने रुंदीकरणासाठी दीर्घकाळ लढा दिला, तो याच कारणास्तव. ज्या रुळांच्या उच्चाटनासाठी लोकांनी सत्याग्रह केले, त्या रुळांवरील इंजिनाच्या जतनासाठी त्याच लोकांनी वर्गणी गोळा करावी, ही अपेक्षा अवास्तव ठरली असती. हिंगोलीकरांची उदासीनता ही इतिहासाविषयीची अनास्था होती असे म्हणणे म्हणूनच अन्यायाचे होईल. ती एका न्याय्य मागणीची दुसरी बाजू होती.

आणखी एका मुद्द्याकडे लक्ष वेधणे जरूर आहे. स्वयंसेवा ही आपल्याला परकी नाही. श्रमदानाने विहिरी खणल्या गेल्या, बंधारे व रस्ते झाले, गावे स्वच्छ झाली. मात्र यंत्राची निगा हा आपल्या श्रमदानाचा विषय कधी झाला नाही. यंत्रशाळेतील काम हे पोटासाठी करावयाचे काम, अशीच समजूत राहिली. पूर्णेच्या किंवा कुर्डूवाडीच्या शेडमध्ये रात्रभर बॉयलर धुणाऱ्या माणसास ते काम हौशीने करावेसे वाटले नसेल, तर त्यात नवल नाही. ज्यांना त्या कामाची धग व काजळी ठाऊक नव्हती, त्यांना त्याची हौस वाटू शकली असती. पण सुशिक्षित वर्गाने हाताने करावयाच्या कामास कमी लेखल्यामुळे तेही पुढे आले नाहीत. विद्या एका वर्गाकडे आणि फावला वेळ दुसऱ्या वर्गाकडे, अशी ही विभागणी झाली. परदेशातील यशस्वी संस्थांत या दोहोंची गाठ पडलेली दिसते: निवृत्त इंजिनचालक शिकवितो आणि शाळामास्तर किंवा कारकून त्याच्या हाताखाली फावडे धरतो.

आता काय शक्य आहे, याचा विचार करू. हिंगोलीहून निघणाऱ्या जुन्या मार्गाचा मीटरगेज वारसा दूर उत्तरेस, महूजवळील पातालपाणी-कालाकुंड घाटात अल्पांशाने उरला आहे. तेथे २०१८ पासून पर्यटकांसाठी गाडी चालविली जाते, परंतु ती डिझेलची आहे. मीटरगेजसाठी देशात वायपी वर्गाची ८७१ व वायजी वर्गाची १,०७४ इंजिने आली. वायपी हे प्रवासी गाड्यांचे व वायजी हे मालगाड्यांचे इंजिन होय. त्यांपैकी जी उरली आहेत त्यांतील एखादे हिंगोलीस आणून चालविणे, रूळच नाहीसे झाल्यामुळे, व्यवहार्य नाही. असा आग्रह धरण्यात अर्थ नाही.

जे शक्य आहे ते वेगळे आहे, आणि त्यास मुदत आहे. ब्रॉडगेजवरील वाफेची नियमित वाहतूक १९९५ च्या डिसेंबरात थांबली, मीटरगेजवरील ती २००० च्या सुमारास. त्या वेळी तिशीत असलेला फायरमन आज निवृत्त झाला आहे, पन्नाशीत असलेला ड्रायव्हर ऐंशीच्या घरात आहे. पूर्णा, हिंगोली, वसमत, अकोला या गावी अशा निवृत्त कामगारांची घरे आहेत. बॉयलर कसा धुतला जाई, पूर्णेचे पाणी नळ्यांस मानवत असे किंवा नाही, पावसाळ्यात रूळ निसरडे झाले म्हणजे वाळू कशी सोडीत, शिकाऊ मुलास पहिल्या वर्षी कोणते काम देत, या प्रश्नांची उत्तरे दप्तरखान्यात मिळणार नाहीत. दप्तरात इंजिनाचा क्रमांक, कोळशाचे वजन व गाडीची वेळ एवढेच आढळते.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या कामगारांकडे जाऊन त्यांच्या तोंडून ही कार्यपद्धती, त्यांच्याच शब्दांत, क्रमवार टिपून घ्यावी. शेडमध्ये रूढ असलेले मराठी, उर्दू व तेलुगू शब्द जसेच्या तसे नोंदवावेत; कारण निजामाच्या राज्यातील कामगारांची ही मिश्र बोली भाषाभ्यासकांनाही उपयोगी पडेल. हत्यारे व हातचे वापरलेले फावडे, कंदील, नोंदवह्या कोणाच्या घरी असतील तर त्यांची छायाचित्रे घ्यावीत. या कामास इंजिन लागत नाही, रूळ लागत नाहीत, खात्याची परवानगीही लागत नाही. लागतात ती काही सुटीच्या दिवसांची विनामूल्य मेहनत आणि जाणत्या माणसाशेजारी बसून ऐकण्याची तयारी. वेल्समधील स्वयंसेवकांनीही आरंभी एवढेच भांडवल गुंतविले होते. हिंगोलीच्या लोहमार्गावरील विस्तव पुन्हा पेटणार नाही. पण तो कसा पेटविला जाई हे सांगणारी माणसे अजून आपल्यांत आहेत, आणि त्यांना विचारण्याचे काम या पिढीवाचून दुसऱ्या कोणाला करता येणार नाही.