सिएटलचा महामार्ग ५१९

बॉस्टनहून निघालेला आय-९० हा अमेरिकेतला सर्वांत लांब आंतरराज्य महामार्ग. जवळजवळ ४,८६० किलोमीटर धावून तो सिएटलमध्ये फोर्थ अव्हेन्यूपाशी संपतो, आणि बंदर तिथून अजून थोडं पुढे असतं. ते उरलेलं अंतर वॉशिंग्टन राज्याचा महामार्ग ५१९ जोडतो. त्याची लांबी दोन किलोमीटरही नाही. बेलव्ह्यू-रेडमंड या उपनगरांकडची मराठी कुटुंबं बेनब्रिज बेटावर सहलीला निघाली की याच रस्त्यानं कोलमन डॉकच्या फेरीबोटीपर्यंत पोचतात.

सरकारदरबारी याचा जन्म १९९१चा. पण त्याचं मूळ शोधायचं तर त्याच्याखालच्या जमिनीपासून सुरुवात करावी लागते, कारण ही जमीनच माणसानं केलेली आहे. १८५१ साली गोरे वसाहतवाले आले तेव्हा आज या रस्त्यालगत जिथे खेळांची स्टेडियम आहेत तिथे दुवामिश नदीच्या मुखाशी भरतीला बुडणारी, ओहोटीला उघडी पडणारी चिखलाची पुळण होती. दुवामिश लोक अशा पुळणींवर शिंपल्या वेचत. १८५३मध्ये हेन्री येस्लरची वाफेवर चालणारी लाकूडगिरणी सुरू झाली आणि तिचा भुसा किनाऱ्यावर भरावात पडू लागला. पुढे टेकड्या खणून निघालेली मातीही पुळणीवर आली.

मला यातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा वाटतो तो रेल्वेचा. किनाऱ्यालगतची रेलरोड अव्हेन्यू म्हणजे पाण्यात ठोकलेल्या खांबांवर अंथरलेल्या फळ्या. त्यांच्यावरून आगगाड्या, घोडागाड्या आणि पायी माणसं, सगळं एकत्र चाले. बोट गाठायची तर रूळ ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १९३०च्या दशकात भक्कम समुद्रभिंत उभी राहिली, फळ्या गेल्या, रस्त्याचं नाव अलास्कन वे झालं. रूळ मात्र शहर आणि धक्का यांच्यामधून हलले नाहीत.

१९५१मध्ये राज्यानं फेरीबोटी ताब्यात घेतल्या. वॉशिंग्टनमध्ये फेरीचा जलमार्गही राज्याच्या महामार्ग-व्यवस्थेचाच भाग आहे, त्यामुळे आय-९० आणि धक्का यांच्यामधली ही फट राज्याला कायमची शहरावर सोडून देता आली नसती. त्यातच १९७६मध्ये किंगडोम हे स्टेडियम, १९९९मध्ये बेसबॉलचं आणि २००२मध्ये फुटबॉलचं नवं स्टेडियम आलं. बंदराचे कंटेनर-ट्रक, सामन्याची गर्दी, फेरीच्या रांगा, सगळ्यांना त्याच रुळांपाशी थांबावं लागे.

२००४मध्ये या महामार्गाचा अटलांटिक स्ट्रीटवरचा भाग पुलानं रुळांवरून नेला गेला. त्याच वर्षी त्या भागाला मरिनर्स या बेसबॉल संघाचा निवृत्त होणारा फलंदाज एडगर मार्टिनेझ याचं नाव मिळालं. शेजारच्या रॉयल ब्रॉहम वेला क्रीडापत्रकाराचं नाव. तिथला पूल २०१०मध्ये खुला झाला. रेलरोड अव्हेन्यूवरच्या माणसांनी जे ओलांडणं रोज सोसलं, ते इथे सुरक्षित व्हायला शंभर वर्षं लागली.

किनाऱ्याकडच्या टोकाला १९५३पासून दुमजली वायाडक्टची, म्हणजे उंच खांबांवरून जाणाऱ्या रस्त्याची, सावली होती. २००१च्या भूकंपानं त्याला खिळखिळं केलं. २०१९मध्ये वाहतूक बोगद्यात गेली आणि वायाडक्ट पाडला. नव्यानं बांधलेल्या अलास्कन वेला २०२३मध्ये सिएटलच्या नगर परिषदेनं मानाचं दुसरं नाव दिलं, जिजिलालिच. येस्लरची गिरणी उभी राहिली त्याच परिसरातल्या मूळ रहिवाशांच्या गावाचं ते नाव आहे.